मिसेस फिट्झहर्बर्टचं लग्न, राजपुत्राचं कर्ज आणि बँकेतलं पाकीट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या रीजन्सी काळातल्या (साधारण १८११ ते १८२०) प्रेमकथांचा नाद लागलेली मंडळी हमखास विचारतात, "गुप्त लग्न, कर्जबाजारी उमराव, कुलूपबंद कागद, असलं काही खरंच घडायचं का हो?" मी दर वेळी एकच प्रकरण सांगते: इंग्लंडचा युवराज जॉर्ज, म्हणजे पुढचा चौथा जॉर्ज, आणि मारिया फिट्झहर्बर्ट. मग उलट प्रश्न येतात, आणि तेही ठरलेलेच. म्हणून एकदाचे लिहून ठेवते. सुरुवात सोपी आहे, कायद्याची गुंतवळ सहाव्या-सातव्या प्रश्नात आहे.

१. ही मारिया फिट्झहर्बर्ट नेमकी कोण? नटी होती का?

नाही. नटी होती ती मेरी रॉबिन्सन, युवराजाचं आधीचं प्रकरण. मारिया माहेरची स्माइद, जन्म २६ जुलै १७५६, घराणं खानदानी पण कॅथलिक. त्या काळच्या इंग्लंडात कॅथलिक माणसाला संसदेत बसता येत नव्हतं, सरकारी पद मिळत नव्हतं. पैसा असला तरी मान बेताचाच.

१७७५ मध्ये तिचं लग्न लल्वर्थ कॅसलच्या एडवर्ड वेल्डशी झालं. तीन महिन्यांत तो घोड्यावरून पडला आणि गेला. बायकोची तरतूद करणारं नवं मृत्युपत्र तयार होतं, फक्त सही राहिली होती. सगळी इस्टेट धाकट्या दिराकडे गेली आणि ही एकोणीस वर्षांची विधवा हात हलवत बाहेर पडली. १७७८ मध्ये तिनं टॉमस फिट्झहर्बर्टशी दुसरं लग्न केलं. तो १७८१ मध्ये वारला, पण त्यानं कागद नीट केले होते: दरसाल १,००० पौंड आणि लंडनच्या पार्क स्ट्रीटवरचं घर. सही असलेला कागद आणि सही नसलेला कागद यांतला फरक या बाईला कोणी शिकवायची गरज नव्हती. पुढची सगळी गोष्ट वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

२. रीजन्सी तर १८११ ते १८२० ना? मग १७८५ चं लग्न त्यात कसं बसतं?

काटेकोर बोलायचं तर बसत नाही. तिसरा जॉर्ज मनोरुग्ण झाल्यावर फेब्रुवारी १८११ मध्ये युवराज रीजंट म्हणजे कारभारी झाला आणि जानेवारी १८२० मध्ये बाप वारल्यावर राजा. पण ज्याच्यावरून त्या काळाला नाव पडलं, तोच हा माणूस. मारियाशी त्याचं कायमचं फाटलं तेही रीजंट झाल्या वर्षीच (प्रश्न १४).

३. त्यानं तिच्यासाठी स्वतःला भोसकून घेतलं हे खरं की बनाव?

रक्त निघालं होतं, जखम किती खोल होती यावर वाद आहे. १७८४ च्या वसंतात दोघांची गाठ पडली. तो बाविशीच्या आत, ती त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. तो गळ्यात पडला, ती ऐकेना. अंगवस्त्र म्हणून राहायला तिचा धर्म आड येत होता आणि राणी व्हायला इंग्लंडचा कायदा. जुलैमध्ये युवराजाच्या पदरची चार माणसं, त्यात त्याचा सर्जनही, धावत तिच्या दारी आली: युवराजानं स्वतःला भोसकून घेतलंय, तुम्ही आला नाहीत तर वाचत नाही.

ती निघाली, पण एकटी नाही. वाटेत डेव्हनशरच्या डचेसला सोबत घेतलं, म्हणजे उद्या कोणी बोट दाखवायला नको. कार्ल्टन हाउस या युवराजाच्या लंडनच्या वाड्यात पांढराफटक युवराज, कपड्यांवर रक्त. त्यानं लग्नाचं वचन मागितलं, डचेसनं स्वतःची अंगठी काढून दिली, ती मारियाच्या बोटात चढली. बाहेर आल्यावर दोघींनी लिहून ठेवलं की असं दबावाखाली दिलेलं वचन बंधनकारक नाही. दुसऱ्या दिवशी मारिया युरोपात निघून गेली, ती वर्षभराहून जास्त. एवढा गोंधळ चालू असताना कागद करून ठेवायचं सुचलं, हे मला तरी त्या भोसकण्यापेक्षा मोठं नाट्य वाटतं.

४. 'डोळ्याचं चित्र' पाठवलं होतं म्हणतात, ते काय प्रकरण?

नोव्हेंबर १७८५ मध्ये लग्नासाठी गळ घालणाऱ्या लांबलचक पत्रासोबत त्यानं स्वतःच्या एका डोळ्याचं इवलंसं चित्र पाठवलं. नुसता डोळा, म्हणजे दागिन्यात घालून मिरवला तरी कोणाचा ते ओळखू येऊ नये. पुढे उमरावांत अशा डोळ्यांची फॅशनच निघाली.

५. लग्न लागलं कसं आणि लावलं कोणी?

१५ डिसेंबर १७८५ ची संध्याकाळ, पार्क स्ट्रीटवरच्या तिच्याच घराचा दिवाणखाना, दारं आतून बंद. बाहेर युवराजाचा मित्र ऑर्लँडो ब्रिजमन पहाऱ्यावर. साक्षीदार दोनच आणि दोन्ही मुलीकडचे: मामा हेन्री एरिंग्टन आणि भाऊ जॉन स्माइद.

खरी अडचण पाद्र्याची होती. राजाच्या परवानगीवाचून असं लग्न लावणं किंवा त्याला हजर राहणं म्हणजे मालमत्ता जप्त आणि कैद. अखेर मिळाला रॉबर्ट बर्ट, कर्ज थकल्यामुळे फ्लीट तुरुंगात बसलेला. युवराजानं ५०० पौंड मोजून त्याला सोडवलं आणि पुढेमागे बिशप करतो असं आमिषही दाखवलं. स्वतः कर्जात बुडालेल्या नवऱ्यामुलानं दुसऱ्या कर्जबुडव्याचं कर्ज फेडून लग्न उरकलं!

विधी अँग्लिकन पद्धतीनं झाला. दाखला युवराजानं स्वतःच्या हातानं लिहिला, दोघांनी आणि साक्षीदारांनी सह्या केल्या आणि तो मारियाच्या हवाली केला. तिनं तो मरेपर्यंत सोडला नाही.

६. मग हे लग्न वैध होतं की नव्हतं? गांधर्व विवाहासारखं समजायचं का?

गांधर्व नाही. पाद्री, साक्षीदार, दाखला, सगळं होतं. भानगड वेगळीच आहे.

१७७२ च्या राजघराण्याच्या विवाह कायद्यानुसार दुसऱ्या जॉर्जच्या वंशजाला राजाच्या परवानगीशिवाय लग्न करता येत नव्हतं. केलं तर ते रद्दबातल, म्हणजे झालंच नाही असं धरायचं. युवराज तेव्हा तेवीस वर्षांचा होता आणि त्यानं परवानगी मागितलीही नव्हती. कायद्याच्या दृष्टीनं मारिया अविवाहित विधवाच राहिली.

कॅथलिक चर्चचं गणित निराळं. दोन मोकळ्या माणसांनी साक्षीदारांसमोर संमती दिली की लग्न झालं, राजा काय म्हणतो याच्याशी देवाला कर्तव्य नाही. रोमनं पुढे तसाच निर्वाळा दिला (प्रश्न १३). म्हणजे एकच बाई लंडनच्या कोर्टात परकी आणि रोमच्या लेखी धर्मपत्नी.

७. कॅथलिक बाईशी लग्न केलं तर गादी जाते असा कायदा होता ना? त्याची कशी गेली नाही?

हा प्रश्न पाठवणारे सहसा वकील असतात. कायदा होता, १६८९ आणि १७०१ चा: कॅथलिक व्यक्तीशी लग्न करणाऱ्याचा गादीवरचा हक्क संपतो. युवराजाच्या बाजूचा युक्तिवाद असा की १७७२ च्या कायद्यानं लग्न मुळातच रद्द, मग ते केलं असं म्हणायचं कसं? दुसरी बाजू म्हणायची की मनाई लग्न करण्याच्या कृतीलाच आहे, पुढे ते टिको न टिको. न्यायालयात याचा निवाडा कधी झालाच नाही.

यातली गंमत बघा. विवाह कायद्यात पंचविशीनंतर एक पळवाट होती: प्रिव्ही कौन्सिलला, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाला, सूचना द्यायची, बारा महिने थांबायचं, संसदेच्या दोन्ही सभागृहांनी हरकत घेतली नाही तर राजाच्या परवानगीवाचून लग्न करायचं. त्या वाटेनं तो गेला असता तर लग्न पक्कं झालं असतं आणि गादी हातची गेली असती. त्याची गादी वाचवली ती लग्नाच्या बेकायदेशीरपणानं.

८. राजपुत्राला कर्ज होतंच कसं?

ऋण काढून तूप पिण्याचा वसा घेतला की होतं. १७८३ मध्ये एकविसावं लागल्यावर त्याला संसदेकडून एकरकमी ६०,००० पौंड आणि बापाकडून दरसाल ५०,००० मिळू लागले, शिवाय कॉर्नवॉलच्या जहागिरीचं उत्पन्न. हे सगळं अपुरं पडलं. घोडे, जुगार, कपडे, चित्रं आणि सगळ्यांत मोठं भोक म्हणजे घरबांधणी. कार्ल्टन हाउसवर वास्तुशिल्पी हेन्री हॉलंड राबत होता आणि बिलं साचत होती.

१७८६ च्या उन्हाळ्यात बापानं हात वर केले, तेव्हा युवराजानं कार्ल्टन हाउस बंद केलं, नोकर काढले, घोडे विकले आणि भाड्याच्या गाडीतून ब्रायटनला निघाला. बघा हो, माझी काय दशा केलीय, असा देखावा. आणि तिथे जाऊन काय केलं? घर घेतलं. ते त्याच्या स्वयंपाकघराचा कारभारी लुई वेल्ट्ये यानं आपल्या नावावर भाडेपट्ट्यानं घेतलं आणि पुन्हा धन्याला भाड्यानं दिलं. आजच्या ब्रायटनच्या रॉयल पॅव्हेलियनचं मूळ ते.

९. त्या कर्जाची आजच्या रुपयांत किंमत किती?

असली रूपांतरं मी करत नाही, फसवी असतात. त्यापेक्षा मारियाची फूटपट्टी लावा: वर्षाला १,००० पौंडांत ती लंडनमध्ये घर, नोकरचाकर, गाडी बाळगून होती. १७८७ मध्ये संसदेनं युवराजाचं फेडलेलं कर्ज १,६१,००० पौंड, म्हणजे तिच्या १६१ वर्षांचा खर्च. १७९५ पर्यंत तोच आकडा ६,३०,००० झाला.

१०. पण कर्जाचा आणि गुप्त लग्नाचा संबंध काय? दोन वेगळ्या गोष्टी ना?

नाही, आणि सगळ्या प्रकरणाची गाठ इथेच आहे.

गुपित म्हटलं तरी निम्म्या लंडनला कुणकुण होतीच. मार्च १७८६ मध्येच गिलरेचं व्यंगचित्र छापून दुकानाच्या खिडकीत लागलं होतं, शीर्षकाचा भावार्थ 'बायको आहे आणि नाही'. पण ऐकीव गोष्ट वेगळी आणि संसदेच्या दप्तरात चढलेली वेगळी. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इथे ती एक लाख एकसष्ट हजारांची होती.

एप्रिल १७८७ मध्ये कर्जफेडीचा विषय संसदेच्या कॉमन्स सभागृहात आला आणि डेव्हनचे सभासद जॉन रोल यांनी सूचक भाषेत म्हटलं की या प्रश्नात राज्य आणि चर्च दोन्ही गुंतलेत. अर्थ सगळ्यांना कळला: कॅथलिक बाईशी लग्न केलेल्या माणसाचं कर्ज आम्ही करदात्यांच्या पैशानं फेडायचं का? ३० एप्रिलला युवराजाचा जिगरी दोस्त चार्ल्स जेम्स फॉक्स उभा राहिला आणि म्हणाला की असं लग्न कायद्यानं होऊच शकत नव्हतं आणि कुठल्याही प्रकारे झालेलंही नाही. हे थेट युवराजाच्या अधिकारानं सांगतोय, असंही वर जोडलं. मे महिन्यात पैसे मंजूर झाले. बायको नाकारली, तेव्हा कुठे कर्ज फिटलं.

मारिया संतापली. भर सभागृहात तिला रखेल ठरवलं गेलं होतं. युवराजानं आपण फॉक्सला असं बोलायला सांगितलंच नव्हतं असा आव आणला आणि तिची समजूत काढायला शेरिडनला पुढे केलं. शेरिडन नाटककार आणि संसदेचा सभासदही, शब्दांचा बादशहा. त्यानं सभागृहात एका अज्ञात स्त्रीच्या आदरणीय चारित्र्याबद्दल असं काही भाषण केलं की ऐकणाऱ्याला लग्न झालं की नाही हेच कळू नये. त्यासाठीच तर त्याला धाडला होता.

११. फॉक्स खोटं बोलला की त्याला फसवलं?

फसवलं. १० डिसेंबर १७८५ ला त्यानं युवराजाला पत्र लिहून असलं लग्न करू नका असं विनवलं होतं. ११ तारखेला उत्तर आलं: निश्चिंत राहा, या अफवांना काडीचा आधार नाही. चार दिवसांनी लग्न. फॉक्सनं त्या पत्राच्या भरवशावर संसदेत शब्द दिला. मग क्लबात कोणीतरी गाठून सांगितलं म्हणे, की साहेब, तुम्हाला चुकीची माहिती मिळाली, मी त्या लग्नाला हजर होतो. मारियानं मात्र फॉक्सला कधी माफ केलं नाही. राग निघाला तो निरोप्यावर, निरोप धाडणारा सुटला.

१२. कॅरोलिनशी त्याचं लग्न म्हणजे द्विभार्याच की?

कायद्यानं नाही, कारण पहिलं लग्न शून्यवत (प्रश्न ६). चर्चच्या हिशोबानं, हो.

मुळात ते लग्नही कर्जापायीच. जून १७९४ मध्ये मारियाला चिठ्ठी आली की संबंध संपले. तेव्हा युवराजावर लेडी जर्सी या नव्या प्रेयसीचा जोर होता. पाठोपाठ बापाशी सौदा ठरला: खानदानी प्रोटेस्टंट मुलीशी लग्न कर, कर्जाचं बघू. ८ एप्रिल १७९५ ला ब्रन्सविकच्या कॅरोलिनशी लग्न लागलं. त्याचं उत्पन्न वाढलं, पण संसदेनं शहाणपणा करून त्यातला मोठा हिस्सा परस्पर कर्जाकडे वळवला. जानेवारी १७९६ मध्ये मुलगी झाली आणि नवरा-बायको वेगळे झाले.

१८२० मध्ये राजा झाल्यावर त्यानं कॅरोलिनवर व्यभिचाराचा ठपका ठेवून घटस्फोटाचं विधेयक आणलं, तेव्हा तिचा वकील ब्रूम यानं सुचवलं की वेळ आली तर आमच्याकडेही सांगण्यासारखं काही आहे. ते 'काही' म्हणजे मारिया. वेळ आली नाही, विधेयक मागे घ्यावं लागलं.

१३. दोघं पुन्हा एकत्र आले ते कसे?

मुलीच्या जन्मानंतर तिसऱ्या दिवशी, १० जानेवारी १७९६ ला, आपण आता मरतो असं वाटून युवराजानं मृत्युपत्र लिहिलं. सगळं काही 'माझी पत्नी मारिया' हिला, आणि जिला नुकतीच कळ सोसून मुलगी झाली त्या कॅरोलिनला एक शिलिंग. मेला नाहीच.

मग पुन्हा पत्रांचा मारा. मारियानं या वेळी अट घातली: रोमला विचारते, पोपनं धर्मपत्नी म्हटलं तरच. फादर विल्यम नॅसॉ रोमला गेले आणि १८०० मध्ये होकार घेऊन आले. त्या जूनमध्ये तिनं लंडनच्या उच्चभ्रूंना फराळाला बोलावून संसार पुन्हा सुरू झाल्याचं जाहीर केलं. पुढची काही वर्षं आयुष्यातली सगळ्यांत सुखाची, असं ती स्वतः सांगायची.

१४. मग शेवटी तुटलं कशावरून?

जेवणाच्या पानावरून. रीजंट झाल्याच्या आनंदात १९ जून १८११ ला कार्ल्टन हाउसमध्ये सुमारे दोन हजार पाहुण्यांची मेजवानी होती. मुख्य टेबलाच्या मधोमध पाण्याचा पाट काढून त्यात जिवंत मासे सोडले होते. आजवर अशा वेळी मारियाला त्याच्याजवळ जागा मिळत असे. या खेपेला हुद्द्याप्रमाणे पानं मांडायची ठरली. मी कुठे बसायचं, असं तिनं विचारलं. तुम्हाला ठरलेली जागा नाही, हे उत्तर मिळालं. ती गेली नाही, आणि त्यानंतर संसारही उरला नाही. तोवर लेडी हर्टफर्ड त्याच्या आयुष्यात आली होती. कशी आली, ते प्रश्न १६ मध्ये.

१५. खरं सांगा, ती पैशासाठीच होती ना?

हा प्रश्न तिच्याबद्दलच का येतो, त्याच्याबद्दल का नाही? कर्ज त्याचं होतं. त्यानं ठरवलेले पैसे वेळेवर पोचत नसत आणि घर चालवताना तिलाच ओढाताण व्हायची. शेवटी वर्षासन ६,००० पौंडांवर ठरलं आणि त्याला तारण ब्रायटनचा राजवाडा, रीतसर गहाणखतानं. हावरट बाई नव्हे, दोनदा विधवा झालेली आणि एकदा संसदेत नाकारली गेलेली बाई अशी वागते. राजा वारल्यावर नव्या राजानं, चौथ्या विल्यमनं, डचेसचा किताब देऊ केला तोही तिनं नाकारला.

१६. त्यांना मुलं होती का?

पुरावा नाही. नात्यातल्या लॉर्ड स्टोर्टन यांनी 'मूल झालं नाही' असं लेखी मागितलं, तेव्हा तिनं हसून, नाजूक विषय आहे म्हणून टाळलं. तेवढ्यावर लोकांनी पुढे वंशावळी रचल्या.

तिनं वाढवलेली मिनी सेमूर ही मात्र लॉर्ड ह्यू सेमूर यांची मुलगी, आईबाप १८०१ मध्ये गेले. प्रोटेस्टंट पोर कॅथलिक बाईकडे कशी, म्हणून नातेवाइकांनी दावा लावला. तो संसदेच्या लॉर्ड्स सभागृहापर्यंत गेला आणि १८०६ मध्ये पालकत्व कुटुंबप्रमुख लॉर्ड हर्टफर्डकडे आलं. त्यांनी मुलगी मारियाकडेच ठेवली. हे जुळवून आणायला युवराज हर्टफर्डांच्या घरी खेटे घालत होता आणि तिथेच लेडी हर्टफर्डच्या प्रेमात पडला. पोर मिळाली, नवरा गेला.

१७. बँकेतल्या पाकिटात काय होतं?

१८३३ मध्ये मारियाच्या लंडनच्या घरी शेगडीपाशी बसून प्रेमपत्रांचे गठ्ठेच्या गठ्ठे जाळले गेले. जाळायला होते ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि लॉर्ड अल्बमार्ल. इतकी पत्रं की वेलिंग्टन म्हणाले, जरा थांबू या, नाहीतर बाईंचं धुराडं पेटेल. पाच गोष्टी तेवढ्या वाचवून कूट्स बँकेत मोहोरबंद ठेवल्या: ब्रायटनच्या राजवाड्याचं गहाणखत, लग्नाचा दाखला, लग्नाविषयी राजाचं पत्र, त्याचं मृत्युपत्र, आणि पाद्र्याच्या पत्राला जोडलेलं मारियाचं टिपण. यादीत गहाणखत पहिलं, लग्नाचा दाखला दुसरा!

पाकीट १९०५ मध्ये सातव्या एडवर्डच्या परवानगीनं उघडलं. कागद आता विंडसरच्या राजदप्तरात आहेत.

१८. दाखल्यावर साक्षीदारांच्या सह्या दिसत नाहीत. मग दाखला बनावट नाही का?

नाही. सह्या होत्या, मारियानं स्वतःच कात्रीनं कापून काढल्या. कायद्यानं साक्षीदारही गुन्हेगार (प्रश्न ५) आणि हे दोघं तिचे मामा आणि भाऊ. बोभाटा वाढला तेव्हा त्यांना वाचवायला तिनं आपलाच पुरावा लंगडा केला. पुढे त्याची चुटपुट लागली म्हणतात. ज्या बाईनं आयुष्यभर कागद जपले, तिनं एकाच कागदाला कात्री लावली, ती अशी.

१९. या सगळ्याचा आपल्याकडे काही धागा लागतो का?

ओढूनताणून नको, पण एक सरळ आहे. शेगडीपाशी पत्रं जाळणारे वेलिंग्टन म्हणजे १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला घेणारे आणि असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेले आर्थर वेलस्ली. १८३० मध्ये राजाच्या मृत्युपत्राची व्यवस्थाही त्यांच्याकडेच होती. जे अंगावर आहे त्यासकट पुरा, असं राजानं बजावलं होतं. वेलिंग्टननी जवळ जाऊन पाहिलं, तर मळकट काळ्या दोऱ्यात हिरेजडित लॉकेट, आत मारियाचं चित्र. त्यांनी ते तसंच राहू दिलं. आणि १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तेव्हा इंग्लंडच्या गादीचा कारभार याच जॉर्जच्या हाती होता.

२०. ब्रायटनला जाणार आहे. काय बघू?

पॅव्हेलियन बघालच, घुमट बघून आपल्याकडच्या मशिदी-मकबरे आठवतील. जॉन नॅशनं १८१५ पासून त्याला ते रूप दिलं. तिथून चालत थोड्या अंतरावर स्टाइन हाउस, मारियाचं घर, १८०४ चं. मग केम्प टाउनच्या बाजूला सेंट जॉन द बॅप्टिस्ट या कॅथलिक चर्चमध्ये जा. मारिया २७ मार्च १८३७ ला वारली, ती तिथे आहे. भिंतीवर गुडघे टेकून प्रार्थना करणारी तिची मूर्ती कोरली आहे. हाताकडे नीट पाहा: बोटात लग्नाच्या तीन अंगठ्या आहेत.